शिजवलेलं सफरचंद

सेलूत आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे सफरचंद न्यायचं. केळं थंड पडतं, पेरू बाधतो, संत्र्यानं खोकला होतो, म्हणून सफरचंद. आजारी माणसाला ते आवडतं का, त्याच्या तोंडात दात आहेत का, हे कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याचा तर पाय मोडला होता. पोट ठणठणीत होतं. कुणी भजी आणली असती तर त्यानं तोंडभरून आशीर्वाद दिला असता. पण स्टेशनजवळच्या फळवाल्याकडून जांभळ्या कागदात गुंडाळलेली सफरचंदं घेऊन माणसं येत राहिली.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. दिवाळी झाली होती आणि जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. माझा नवरा सिताराम सरकारी कचेरीत कारकून. सायकलवर घरी येताना एका गाडीला वाट द्यायला गेला आणि सायकलीसकट नालीत पडला. उजव्या पायाची नडगी मोडली. डॉक्टरनं मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हलायचं नाही म्हणून बजावलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळी त्याचं सगळं करून शाळेत जायचं, दुपारी येऊन पुन्हा त्याचं करायचं, संध्याकाळी त्याला भेटायला आलेल्यांचं करायचं. माझा पाय मोडला असता तर निदान बसायला तरी मिळालं असतं, असं त्या दिवसांत मला पुष्कळदा वाटलं.

आलेल्यांचं करायचं म्हणजे काय, तर मी चहा विचारायचा आणि त्यांनी नको म्हणायचं. कचेरीतली माणसं दोघं-तिघं मिळून यायची. पायाची चौकशी करायची, मग कापूस, साहेबांची बदली, नळाला न येणारं पाणी, असं विद्यापीठाचं नामांतर सोडून सगळं बोलायची. मी आधण ठेवायला उठले की सगळ्यांना एकदम घराची आठवण व्हायची. आत्ताच झाला, वहिनी. चहा सोडलाय, वहिनी. एकानं दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी टपरीवर उभा राहून कपभर चहा प्याला. मला खिडकीतून दिसत होता. बशीत ओतून, फुंकून फुंकून प्याला.

आम्ही बौद्ध. हे कुणी विसरत नाही, आणि विसरलेलं नाही हे कुणी बोलून दाखवत नाही. सफरचंदाचं मात्र बरं असतं, त्याला साल असते. अख्खं सफरचंद आमच्या घरात येतं, आमच्या घरातून बाहेरही जातं, त्याला काही होत नाही. मी एकदोघांच्या हातात जाताना एकेक सफरचंद ठेवून बघितलं, तर त्यांनी हसत घेतलं आणि पिशवीत टाकलं. तेच मी चिरलं, शिजवलं, की ते आमचं होतं.

आता दत्तरावांचं सांगते, कारण गोष्ट त्यांची आहे.

दत्तराव म्हणजे सितारामच्या शेजारच्या टेबलावरचे कारकून. अकरा वर्षं दोघांची टेबलं एकमेकांना चिकटून. एकाची फाइल राहिली तर दुसऱ्यानं करायची, एक उशिरा आला तर दुसऱ्यानं साहेबांना थोपवायचं. सिताराम पडल्यापासून दत्तराव दर मंगळवारी आणि शनिवारी कचेरी सुटली की यायचे. खुर्ची खाटेजवळ ओढून बसायचे आणि तास तास बोलायचे. टोकावर टेकून पळणाऱ्यांतले ते नव्हते. फक्त आमच्या घरात त्यांनी कधी काही तोंडात घातलं नव्हतं.

"त्याचं पोट नाजूक हाय," सिताराम म्हणायचा. "बाहेरचं कायबी चालत न्हाई त्याला."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं खाता येईना म्हणून पोट वाकडं, असं मी मनात म्हणायचे. पण मोठ्यानं म्हणायला जीभ रेटायची नाही. कारण अठ्ठ्याहत्तर साल.

तेव्हा आम्ही सेलूच्या बाहेर एका खेड्यात भाड्यानं राहायचो. मुंबईत नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या इकडे वस्त्या पेटायला लागल्या. सिताराम कामानं परभणीला अडकलेला, मी घरात, कडेवर दीड वर्षाची लेक. शेजारच्या गावातला धूर दारातून दिसत होता. त्या दिवशी दत्तराव सायकलवर आले. माझी पेटी त्यांनी कॅरिअरला बांधली आणि पाच मैल माझ्यासोबत पायी चालले. वाटेत दोन ठिकाणी माणसं जमलेली होती. एकानं विचारलं, ही कोण? दत्तराव म्हणाले, माझी बहीण. स्टेशनवर माझ्या माहेरचं, पिंगळीचं तिकीट काढून गाडी येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती मी खाल्ली, लेकीलाही चारली. अजून ती चव आठवते.

ज्या माणसानं जिवावर उदार होऊन बहीण म्हटलं, तो माझ्या घरचा चहा घेत नाही. आठ वर्षं मी हे गणित सोडवत होते. शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवते, पण हे काही सुटलं नाही.

आणि सिताराम खाटेवर पडल्या पडल्या म्हणायला लागला, "प्लास्टर निघालं की दत्तरावला जेवायला बोलवू. त्याला, चांगुणाबाईला, पोरांना. तू पुरणपोळ्या कर."

दत्तराव आले नाहीत तर एक वेळ निभावलं असतं. पण ते आले, पाटावर बसले आणि पोट धरून उठले तर? माझा नवरा साऱ्या कचेरीत एकाच माणसाला आपला म्हणतो. वाढलेलं ताट तसंच राहिलेलं त्याला बघावं लागलं तर त्याचा पाय जुळून उपयोग काय? म्हणून मी ठरवलं, पुरणपोळ्यांच्या आधी आपण बघून घ्यायचं. छोट्या गोष्टीवर बघून घ्यायचं. आणि घरात पिठूळ व्हायला लागलेली पाच-सहा किलो सफरचंदं होतीच.

पहिल्यांदा खीर केली. दूध आटवलं आणि किसलेलं सफरचंद तसंच त्यात टाकलं. दूध फाटलं. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा असतो, आधी ते तुपावर परतून, साखर घालून, पार निववून मग दुधात घालायचं असतं, हे मला फाटलेल्या दुधानं शिकवलं. फाटलेलं सितारामनं खाल्लं आणि बासुंदी झाली म्हणाला. दुसऱ्यांदा नीट जमली. मंगळवारी वाटी दत्तरावांच्या पुढं ठेवली.

"वहिनी, दुधाचं न्हाई सोसत मला," दत्तराव म्हणाले. "छातीत जळजळतं."

शनिवारी दूध टाळून शिरा केला. रवा भाजून, पाण्यात शिजवून, वरून सफरचंदाच्या परतलेल्या फोडी. दत्तरावांनी कानाला हात लावला. "आज शनिवार हाय वहिनी. मारुतीचा उपास."

मी चिडले आणि चिडले की मी कामाला लागते. आमच्या वस्तीतल्या एका नर्सबाईनं मला वाळूवरचा केक शिकवला होता. ओव्हनबिवन काही लागत नाही. जुन्या पातेल्यात चार बोटं वाळू, स्टोवर तापवायची, त्यात तूप चोळलेलं लहान भांडं ठेवायचं, वर झाकण, झाकणावर वजन. अंडं घालायचं नाही, दही आणि खायचा सोडा घालायचा. सफरचंद किसून, हातानं पाणी पिळून घालायचं, नाहीतर मध्ये गिच्च राहतं. शाळेतून आल्यावर दीड तास स्टोला पंप मारत बसले. कंबर मोडून आली, पण केक काय फुगला होता! वरून तांबूस, बोट लावलं तर उसळून वर येणारा.

दत्तरावांनी त्या मंगळवारी ताटलीतला केक पुन्हा पुन्हा पाहिला. "वाळूवर? खरंच वाळूवर? अन् अंड्याबिगर?" त्यांनी दहा प्रश्न विचारले. सिताराम खाटेवरून मान उंचावून माझ्याऐवजी उत्तरं देत होता. मला वाटलं, आज जमलं. मग दत्तराव म्हणाले, "सोडा असंल ना ह्यात? सोड्यानं माझं पोट डमडम फुगतं, वहिनी."

"पुढल्या येळी सोड्याबिगर करते," मी म्हणाले.

"हौ, तवा नक्की खातो."

दत्तराव गेल्यावर सिताराम म्हणाला, "बघ, खातो म्हणलाय." मी केकचे तुकडे केले आणि शाळेतल्या माझ्या वर्गात वाटून टाकले. पोरं कागदासकट चाटत होती.

पुढच्या शनिवारी मी सगळ्या वाटा बंद करायच्या ठरवल्या. दूध नाही, रवा नाही, सोडा नाही आणि उपासाला चालेल असं. म्हणजे हलवा. पिठूळ सफरचंदाचा हलवा फार चांगला होतो, लगेच विरघळतं ते. साल काढून किसायचं, लिंबू पिळायचं म्हणजे काळं पडत नाही, आणि लोखंडी कढईत मुळीच करायचं नाही. तुपावर परतत राहायचं. पाणी आटेपर्यंत साखर घालायची नाही, घाई करणाऱ्याचा हलवा पळीवाढा होतो. बाजूनं तूप सुटलं की वेलदोडा, चारोळी आणि उतरवायचं. दोन किलोंचा एवढासा झाला. लेकीनं कढई पुसून खाल्ली, सितारामनं दोन वाट्या खाल्ल्या. राहिलेला मी स्टीलच्या फिरकीच्या डब्यात भरला.

दत्तराव आले. मी वाटी पुढं करायच्या आधीच त्यांच्या तोंडावर ती ओळखीची अवघडलेली कळा आली. मी म्हणाले, "भावजी, आज सोडा न्हाई, अंडं न्हाई, रवा न्हाई. उपासाला चालतंय सगळं."

"वहिनी, आज पाणीसुदिक घेत न्हाई मी." त्यांनी खाली पाहिलं. मग सितारामकडे पाहिलं. सिताराम प्लास्टरवरच्या कुठल्याशा डागाकडे बघत होता. "असं करा, बांधून द्या. उद्या सकाळी चहासंगं सगळेच खातो. पोरांनाबी व्हईल."

मी डबा त्यांच्या हातात दिला. दत्तरावांनी तो पिशवीत ठेवला आणि पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली. आमच्या घरात शिजलेलं त्यांच्या घराकडं निघालं होतं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी पडल्या पडल्या झोप लागली. पुरणपोळ्यांना डाळ किती लागेल याचा हिशोब करत होते, तेवढं आठवतं.

मंगळवारी दत्तराव डबा घेऊन आले. राखेनं घासून आरशासारखा लख्ख केलेला. शेजारधर्म म्हणून भांडं रिकामं परत करायचं नसतं, तसं त्यांनीही केलं नव्हतं. झाकण फिरवलं तर आत एक लालबुंद सफरचंद होतं.

"वहिनी," दत्तराव खुर्ची ओढत म्हणाले, "केक लय भारी झालता. पोरांनी दोन-दोन तुकडे खाल्ले. चांगुणा म्हणायली, वाळूवरचा वाटतच न्हाई."

डबा माझ्या हातातच होता.

हलव्याचे तुकडे होत नाहीत. हलवा चमच्यानं खातात. त्या माणसानं झाकण उघडून आत पाहिलंसुद्धा नव्हतं. मला मग शनिवार आठवला. डब्यात काय आहे, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. ज्याला खायचं असतं तो आधी झाकण उघडून वास घेतो. सोड्याबिगरचा केक पुढल्या वेळी करते असं मी म्हणाले होते, तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. चार तास ढवळलेला माझा हलवा कुठं गेला असेल? गाईपुढं, की नालीत? झाकण न उघडता डबा घासता येत नाही, म्हणजे ओतताना दुसऱ्या कुणी ओतला असणार. चांगुणाबाईनं? जिनं मला भाकरी बांधून दिली होती, तिनं?

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. तोंड उघडलंच होतं मी. भावजी, केक नव्हता तो, एवढंच म्हणायचं होतं. आठ वर्षांचं गणित चार शब्दांत सुटलं असतं.

तेवढ्यात खाटेवरून सिताराम म्हणाला, "केकात तर तिचा हात कुणी धरणार न्हाई, दत्तराव. मलाच कमी आला वाट्याला."

आणि हसला. शनिवारी दोन वाट्या हलवा खाल्लेला माझा नवरा दत्तरावांकडं बघून हसला. दत्तरावही हसले. मग दोघं साहेबांच्या बदलीवर बोलायला लागले. मी आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं, नुसते पाय दुखत होते.

दत्तराव गेल्यावर मी बाहेर आले. "हलवा व्हता त्यो," मी म्हणाले.

"म्हाईत हाय."

"त्यानं डबा उघडलासुदिक न्हाई."

"म्हाईत हाय, मालन."

"कवापासून म्हाईत हाय तुमाला?"

सितारामनं प्लास्टरच्या कडेतून सळई घालून खाजवलं. घाई नव्हती त्याला. "पहिल्या वर्षापासून. कचेरीत माझा डबा उघडला की त्याला साहेबाकडं काम निघतं. पाणी प्यायला माझ्या माठाकडं कधी आला न्हाई. मला काय डोळे न्हाईत?"

"मग पोट नाजूक, पोट नाजूक कशाला सांगत व्हते मला?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला बरं वाटावं म्हणून मी पंधरा दिवस स्टोला पंप मारत होते, आणि मला बरं वाटावं म्हणून तो पडल्या पडल्या खोटं बोलत होता. "अन् जेवायला बोलवायचं? पुरणपोळ्या?"

"दरसाल म्हणतो मी बोलवू म्हणून," सिताराम म्हणाला. "एकदा तरी बोलावलंय का?"

खरंच बोलावलं नव्हतं. कधी साहेबांचा दौरा निघाला, कधी लेकीला गोवर आला, कधी दत्तरावांकडं सुतक. मी अकरा वर्षांत कधी ओळीनं आठवून पाहिलं नव्हतं.

"तो वाईट माणूस न्हाई," सिताराम म्हणाला.

"मी कवा म्हणले वाईट?" माझा आवाज चढला. "वाईट असता तर बरं झालं असतं. दार लावून घेतलं असतं आपण. बहीण म्हणला त्यो मला, त्या लोकांपुढं. तवा त्याला भ्या वाटलं न्हाई, अन् एका चमच्याचं वाटतंय?"

सितारामनं सळई उशाखाली ठेवली. मग म्हणाला, "अजून नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसायचंय मला. तू आज बोलली असती, तर उद्यापासून तो मान खाली घालून बसला असता. मला त्याच्याबिगर तिथं कोण हाय?"

राग आला होता तो दत्तरावांचा होता, मग नवऱ्याचा झाला, मग माझा मलाच आला, आणि मग इतका थकवा आला की राग धरायलाही हात उचलेना. खाटेच्या कडेवर बसले. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. पुरणपोळ्यांचं आम्ही पुन्हा बोललो नाही.

शनिवारी दत्तराव आले. मी खाटेशेजारी खुर्ची ठेवली आणि मांडीवर भाजी घेऊन निवडत बसले. पुढं वाटी ठेवली नाही, ताटली ठेवली नाही. चहाही विचारला नाही. पाच-दहा मिनिटं दत्तराव स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. बोलता बोलता अडखळायचे, खुर्चीत सरकून बसायचे. शेवटी त्यांनीच विचारलं, "आज काय केलं न्हाई का, वहिनी?"

"न्हाई भावजी," मी म्हणाले. "थकले."

दत्तरावांनी श्वास सोडला. मला दिसला तो सुटताना. खांदे खाली आले, पाय लांब झाले, टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "आराम करा, वहिनी. लय तकलीफ घेता तुमी," म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. मग कचेरीतला कुठलासा किस्सा काढला. सिताराम प्लास्टर धरून हसायला लागला, दत्तराव त्याच्या हातावर टाळ्या द्यायला लागले. दिवेलागण झाली, मी भाजी फोडणीला टाकली, तरी दोघांचं संपेना.

महिनाभरात इतका वेळ ते कधीच बसले नव्हते.